मुलांच्या शिरेंत सुई टोंचतांना

आजचा विषय दिसावयास लहान आहे. आजारी मुलास इस्पितळांत नेलें, डॉक्टरांनीं सलाईन लावावयास सांगितलें, आणि हाताच्या शिरेंत सुई घालतांना मुलानें टाहो फोडला, हा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं एकदां तरी येऊन गेला असेल. 'मूल आहे, रडणारच,' असें म्हणून आपण तो विसरून जातों. मूल मात्र विसरत नाहीं; आणि त्याच्या न विसरण्यानें पुढें काय होऊं शकतें, हें मला माझ्याच घरांत पाहावें लागलें. मी डॉक्टर नव्हे, वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मालवणच्या बाजूला प्राथमिक शाळांतून मुलें शिकविलीं, असा एक निवृत्त शिक्षक आहें. तरीही या विषयावर चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें. जें सांगणार आहें तें जाणत्यांकडून ऐकून, वाचून आणि ताडून पाहून घेतलेलें आहे.

प्रथम माझा स्वतःचा अपराध कबूल करतों. शाळेंत धनुर्वाताची लस टोंचण्यास आरोग्य खात्याचीं माणसें येत, तेव्हां वर्ग रांगेनें उभा करण्याचें काम माझ्याकडे असे. मुलें विचारीत, 'गुरुजीनू, दुखतला?' माझें ठरीव उत्तर असे, 'छे रे, मुंगी चावल्यासारखें.' पुढचा मुलगा किंचाळला कीं माझें बोलणें खोटें असल्याचें मागच्या सर्वांस कळे आणि रांग मोडे. शिवाय एरवीं दांडगाई करणाऱ्या मुलास 'डॉक्टरांना बोलावून सुई टोंचवीन हां,' असा दम मीं किती वेळां भरला असेल याची गणती नाहीं. खोटें बोलून धीर देणें आणि सुईचा धाक घालणें, या दोन चुका मीं तीस वर्षें निष्ठेनें केल्या.

आतां प्रसंग सांगतों. माझी नात सहा वर्षांची असतांना पावसाळ्यांत तिला जुलाब-उलट्यांचा फार त्रास झाला. अंगांतील पाणी गेलें, डोळे खोल गेले, पोटांत घोटभर पाणीही ठरेना. इस्पितळांत नेलें. तेथें तिला खाटेवर उताणी निजवून एकानें पाय, दुसऱ्यानें खांदे आणि तिसऱ्यानें हात धरला; आईला बाहेर थांबावयास सांगितलें. शरीर सुकलेलें असल्यामुळें शीर सांपडेना. तीन टोंचण्या फुकट गेल्या, चौथ्या वेळीं काम झालें. मी दाराबाहेर उभा होतों. 'आजोबानू, माका सुई नको, माका घराक व्हरा,' हे तिचे शब्द अद्यापि माझ्या कानांत आहेत. त्या लोकांचा दोष काढण्याकरितां मी हें सांगत नाहीं. सलाईन लागलें म्हणूनच मूल हातीं लागलें, आणि त्यांनींच रात्रभर जागून तिला सांभाळलें. जी रीत त्यांना ठाऊक होती त्या रीतीनें ते वागले. मी तरी रांग लावतांना दुसरें काय करीत होतों?

परंतु गोष्ट तेथें संपली नाहीं. दोन वर्षांनीं, ती आठ वर्षांची असतांना, आंब्याच्या बागेच्या गडग्याजवळ खेळत होती. तेथें चिऱ्याखालीं बसलेलें फुरसें तिच्या पायाला चावलें. मुलगी घरीं आली, तिनें पाय धुतला आणि ती कोपऱ्यांत गप्प बसून राहिली. पाय सुजूं लागला, हिरड्यांना रक्त दिसूं लागलें, तेव्हां कोठें आजीच्या ध्यानांत आलें. मध्यें दीड तास गेला होता. 'अगो, सांगितलें कां नाहींस?' असें विचारतां उत्तर आलें, 'सुयो टोचतले म्हणान.'

फुरशाच्या विषानें रक्ताची गोठण्याची शक्ति नाहींशी होते. त्यावर खरा उतारा एकच, सर्पविषाची प्रतिलस. परळच्या हाफकिन संस्थेनें घोड्यांच्या रक्तापासून ती तयार करून गांवोगांवच्या दवाखान्यांस पुरविली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चारही सापांच्या विषावर ती चालते. मात्र ती शिरेंतूनच द्यावी लागते. ज्या सुईच्या भीतीनें मुलीनें दीड तास घालविला, ती सुईच तिचा प्राण वांचविणार होती. तेव्हां माझ्या लक्षांत आलें कीं टोंचतांना मुलाचें दुःख कमी करणें हा लाड नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे. त्या दिवशीं पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. तत्पूर्वीं हा विषय नीट समजावून घेऊं.

शिरेंतून पाणी देण्याची कल्पना कॉलऱ्याच्या साथींतून निघाली. १८३२ सालीं स्कॉटलंडमधील लीथ येथें थॉमस लॅटा नांवाच्या डॉक्टरानें मरणोन्मुख रोग्यांच्या शिरेंत मिठाचें पाणी सोडलें आणि त्यांतील कांहीं रोगी अक्षरशः उठून बसले. पुढें शतकाहून अधिक काळ धातूची सुईच शिरेंत ठेवीत असत. हात फळीला बांधून ठेवावा लागे, आणि मूल हललें कीं सुईचें टोंक शिरेच्या भिंतींतून आरपार जाई. १९५० सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डेव्हिड मासा नांवाच्या तरुण डॉक्टरानें सुईवर प्लॅस्टिकची नळी चढविण्याची युक्ति काढली. सुई शिरेंत शिरली कीं ती मागें ओढून घ्यावयाची आणि मऊ नळी तेवढी आंत राहूं द्यावयाची. आजची कॅन्युला ही तिचीच वंशज होय.

ही गोष्ट मुलांना सांगणें फार महत्त्वाचें आहे, कारण पुष्कळ मुलांची अशी समजूत असते कीं पट्टीखालीं सुई तशीच खुपसून ठेवलेली आहे. म्हणून तीं हात हलवीत नाहींत, झोंपत नाहींत, जेवत नाहींत. माझ्या नातीनें पहिल्या खेपेस दोन दिवस तो हात दगडासारखा ताठ धरला होता. 'आंत सुई नाहीं, शेवयीसारखी मऊ नळी आहे,' एवढें एक वाक्य कोणीं सांगितलें असतें तर तिची अर्धी यातना टळली असती. नळ्यांचे आकारही ठरलेले असतात व त्यांस रंग दिलेले असतात. आंकडा जितका मोठा तितकी नळी बारीक; निळी बावीस नंबरची, पिवळी चोवीस नंबरची, आणि तान्ह्या बाळांसाठीं सव्वीस नंबरची जांभळी.

येथें एक प्रश्न आधीं विचारावयास हवा. सुई टोंचणें खरोखर अवश्य आहे काय? सर्वांत न दुखणारी सुई म्हणजे जी टोंचावीच लागली नाहीं ती. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धांत बनगांवच्या निर्वासित छावणींत कॉलरा उसळला आणि शिरेंतून द्यावयाचें पाणी संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचें पाणी पोटांतून पाजण्याची व्यवस्था केली. रोग्यांच्या नातेवाइकांनींच तें पाजलें आणि मृत्यूचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास होतें तें चाराच्याही खालीं आलें. घरीं करावयाचें तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ पुरतें. दुकानांतील पुडी मिळाल्यास अधिक बरें. उलटी होत असली तरी चमच्याचमच्यानें, मिनिटा-दोन मिनिटांनीं पाजीत राहिल्यास बहुतेक मुलांच्या पोटांत तें ठरतें. माझ्या नातीला आम्हीं पहिल्याच दिवशीं असें पाजलें असतें, तर कदाचित् पुढचा प्रसंगच आला नसता. आपल्याच कोंकणांतलें दुसरें उदाहरण द्यावयाचें तर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचें. तांबड्या विंचवाच्या दंशानें मुलें दगावत असत. प्राझोसिन ही पोटांत घ्यावयाची साधी गोळी त्यावर किती गुणकारी आहे हें त्यांनीं दाखवून दिलें. 'ताकद येण्यासाठीं एक सलाईन लावा,' असा आग्रह डॉक्टरांपाशीं धरणारे पालक आपल्या समाजांत कमी नाहींत. तो आग्रह आपण आधीं सोडला पाहिजे.

आतां वेदनेविषयीं. कांहीं वर्षांपूर्वींपर्यंत मोठमोठ्या डॉक्टरांची अशी समजूत होती कीं तान्ह्या बाळाचे मज्जातंतु अपक्व असल्यामुळें त्यास दुःख कळतच नाहीं. नवजात बालकांवर पुरेशी भूल न देतां शस्त्रक्रिया होत असत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनीं ही समजूत खोडून काढली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शस्त्रक्रियेंत वेदनाशामक औषध दिलें असतां शरीरावरील ताण पुष्कळ कमी होतो आणि पुढील गुंतागुंतही कमी होते, हें त्यांनीं १९८७ सालीं 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत सिद्ध करून दाखविलें. बाळाला बोलतां येत नव्हतें, म्हणून त्याचें दुःख जगाला कळलें नव्हतें, एवढेंच.

दुसरी गोष्ट स्मृतीची. कॅनडांतील ॲना टॅडिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं एक निरीक्षण प्रसिद्ध केलें. जन्मल्यानंतर ज्या मुलग्यांची सुंता बधिर न करतां केली होती, तीं बाळें चार-सहा महिन्यांनीं लस टोंचतांना इतरांपेक्षां अधिक कळवळून रडलीं. बधिर करणारें मलम लावलेलीं बाळें त्यांहून कमी रडलीं. म्हणजे मनाला आठवत नसलें तरी शरीराला आठवतें. मोठ्या मुलांच्या बाबतींत तर हें उघडच आहे. पहिली टोंचणी वाईट गेली कीं दुसरीच्या वेळीं भीति आधीं येते, भीतीनें अंग आक्रसतें, शिरा आंत जातात, टोंचणें अवघड होतें आणि दुःख वाढतें. हें चक्र कोठें तरी तोडलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१५ सालीं लस टोंचतांना होणाऱ्या वेदना कमी करण्याविषयीं सर्व देशांस स्पष्ट सूचना दिल्या आहेत.

मग उपाय कोणते? पहिला उपाय औषधाचा. निल्स लॉफग्रेन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानें १९४३ सालीं लिडोकेन तयार केलें, ज्यास आपल्याकडे लिग्नोकेन म्हणतात. त्याचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यानें तें स्वतःच्या अंगावर टोंचून पाहिलें. दांत काढतांना हिरडी बधिर होते ती याच औषधानें. त्यांत प्रिलोकेन मिसळून केलेलें मलम पुढें निघालें. तें न टोंचतां नुसतें कातडीवर लावून चालतें. जेथें शीर घ्यावयाची तेथें त्याचा जाड थर द्यावा, वर चिकट पारदर्शक पट्टी लावून झांकावें आणि एक तास थांबावें. मग पुसून टाकून सुई घालावी. घाई केल्यास गुण येत नाहीं. पाव तासानें पुसून 'मलमाचा उपयोग होत नाहीं' असें म्हणणें म्हणजे अर्ध्या उकळींत भात उतरवून तांदळाला नांवें ठेवण्यासारखें आहे. शीर एका ठिकाणीं सांपडेलच असें नाहीं, म्हणून दोन ठिकाणीं लावून ठेवणें शहाणपणाचें. परंतु हें औषध आहे, खेळणें नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या व तीन महिन्यांखालील बाळांस, तसेंच कांहीं विशिष्ट औषधें चालूं असतां, प्रिलोकेनमुळें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावांचून तें लावूं नये, जखमेवर लावूं नये, आणि मुलानें तें चाटूं नये याकडे लक्ष ठेवावें.

दुसरा उपाय चोळण्याचा व गारव्याचा. गुडघा आपटला कीं आपण तो चोळतों, आणि बरें वाटतें. याचें कारण रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं सांगितलें. दुःखाची वार्ता मेंदूकडे जातांना पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जणूं एक द्वार लागतें. आपल्याकडील व्हाळावरचा साकव डोळ्यांसमोर आणा. अरुंद साकवावरून एका वेळीं एकच माणूस जातो. स्पर्शाच्या, कंपाच्या व गारव्याच्या वार्तांची गर्दी आधींच साकवावर चढली, तर दुःखाच्या वार्तेला अलीकडेच थांबावें लागतें. म्हणून टोंचण्याच्या जागेच्या जरा वर, खांद्याच्या बाजूला, चोळत राहिल्यानें अथवा गार वस्तु धरल्यानें दुःख कमी वाटतें. कंप आणि गारवा दोन्ही एकदम देणारीं लहान उपकरणेंही निघालीं आहेत. मात्र गारव्यानें शीर आकुंचन पावते, म्हणून शीर शोधतांना ऊब आणि टोंचतांना गारवा, तोही टोंचण्याच्या जागेपासून थोडा दूर, असा क्रम ठेवावा.

तिसरा उपाय अगदीं तान्ह्या बाळांचा. बाळ आईच्या अंगावर पीत असतांना टोंचलें तर तें पुष्कळच कमी रडतें; आईच्या उघड्या छातीशीं बाळ धरण्याची जी कांगारू पद्धति आहे, तिचाही गुण असाच येतो. तें शक्य नसेल तर टोंचण्यापूर्वीं एक-दोन मिनिटें साखरेच्या पाण्याचे थोडे थेंब जिभेवर दिल्यास नवजात बाळाचें दुःख कमी होतें, असें पुष्कळ प्रयोगांतीं ठरलें आहे. हे थेंब इस्पितळांतील लोकांनीं मोजून द्यावे. आपल्याकडे बाळाला मध चाटविण्याची चाल आहे. ती मात्र वर्षाच्या आंतील बाळास मुळींच नको. मधांतील एका जंतूच्या बीजामुळें अशा बाळास अंग लुळें पडण्याचा भयंकर रोग होऊं शकतो.

चौथा उपाय बसण्याचा, आणि याला एक पैही लागत नाहीं. उताणें निजवून चौघांनीं दाबून धरलें कीं मोठ्या माणसाचाही जीव घाबरा होतो. मग मुलाची काय कथा? त्याऐवजीं मुलाला आईच्या अथवा बापाच्या मांडीवर बसवावें. आईनें त्याला छातीशीं धरावें आणि टोंचावयाचा हात बाजूला उशीवर सरळ ठेवावा. तो हात सिस्टरच्या मदतनिसानें स्थिर धरावा. धरणें तेंच, परंतु एकांत शिक्षा आहे आणि दुसऱ्यांत आधार. तसेंच, टोंचणें शक्यतों मुलाच्या खाटेवर न करतां वेगळ्या खोलींत करावें. खाट ही त्याची निर्धास्त जागा राहिली पाहिजे.

पांचवा उपाय लक्ष दुसरीकडे नेण्याचा. लहान मुलास भिरभिरें किंवा साबणाचे फुगे फुंकावयास द्यावे, नेमकी सुई शिरतांना लांब फुंकर मारावयास सांगावी. मोठ्यास गोष्ट, कोडें, पाढे, आवडीचें गाणें, हल्लीं फोनवरचें चित्रही चालतें. ही फसवणूक नव्हे. मन एकाच वेळीं दोन ठिकाणीं पुरतें बसत नाहीं, एवढेंच याचें मर्म आहे. कांहीं मुलांना मात्र सुई पाहावयाचीच असते. तीं पाहात असतील तर पाहूं द्यावें. तोंड बळेंच वळवूं नये.

सहावा उपाय वाणीचा, आणि शिक्षक या नात्यानें मला तो सर्वांत मोठा वाटतो. 'दुखणार नाहीं' असें सांगूं नये. 'कांहीं होत नाहीं, कांहीं होत नाहीं' असें घाबऱ्या आवाजांत वारंवार म्हणणें, किंवा 'बाळा, मला क्षमा कर' म्हणून आईनेंच रडणें, यांनीं मुलाचा धीर सुटतो. कारण कांहीं तरी भयंकर होणार आहे एवढाच अर्थ त्याला त्यांतून कळतो. अभ्यासकांसही असें आढळलें आहे कीं अशा सांत्वनानें रडणें वाढतें, आणि 'आतां फुंकर मार', 'आतां मोज' अशा सूचनांनीं तें घटतें. खरें सांगावें, थोडक्यांत सांगावें, आणि फार आधीं सांगूं नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन मिनिटें आधीं पुरे. आठ-दहा वर्षांच्याला त्याहून आधीं, म्हणजे प्रश्न विचारण्यास त्याला अवसर मिळतो. त्याला निवड द्यावी, पण खरी. 'टोंचूं कां?' असें विचारूं नये, कारण 'नको' हें उत्तर आपण मानणार नसतों. 'कोणत्या हातांत? मांडीवर बसतेस कीं शेजारीं?' असें विचारावें. आणि सर्व आटोपल्यावर 'किती रडलीस गो,' असें न म्हणतां 'हात कसा स्थिर ठेवलास,' असें म्हणावें. रात्रीं आजी-आजोबांना तीच गोष्ट सांगावी. पुढच्या वेळीं मुलाला तेंच आठवेल.

सातवा उपाय टोंचणाऱ्याच्या हाताचा. गरम ओल्या फडक्यानें हात शेकला असतां शीर वर येते. जो हात मूल लिहिण्यास वापरतें किंवा ज्याचा अंगठा चोखतें तो सोडून दुसरा घ्यावा. रक्त तपासावयाचें असेल तर तें नळी घालतांनाच काढून घ्यावें, म्हणजे एका टोंचणींत दोन कामें होतात. एका व्यक्तीनें दोन वेळां प्रयत्न करून शीर सांपडली नाहीं तर अधिक जाणत्या हाताला बोलवावें, असा नियम पुष्कळ ठिकाणीं पाळतात. कांहीं इस्पितळांत कातडीखालील शिरा उजेडानें दाखविणारें यंत्रही असतें. पालकांनीं हें भांडून नव्हे, विनयानें विचारावें: 'सिस्टर, मलम लावण्यास वेळ आहे काय? मी तिला मांडीवर घेऊं काय?' दहांतील नऊ ठिकाणीं या विनंतीला नकार मिळणार नाहीं, असा माझा अनुभव आहे.

आतां कोणी म्हणेल, जीव जात असतांना तासभर मलम लावून कोण बसेल? बरोबर आहे. प्राणावर बेतलें असतां मलमासाठीं क्षणही दवडूं नये. परंतु मांडी, फुंकर आणि खरें बोलणें यांना वेळच लागत नाहीं. याचा पुरावा म्हणून नातीची गोष्ट पुरी करतों.

पायाला दोरी न आंवळतां, ब्लेड न लावतां, पाय फळीला बांधून हलूं न देतां आम्हीं तिला थेट सरकारी रुग्णालयांत नेलें. मुलगी दारांतच किंचाळूं लागली. कामावर एक पोक्त सिस्टर होत्या, आमच्याच बाजूच्या. त्यांनीं आईला खुर्चीवर बसविलें, मुलीला तिच्या मांडीवर दिलें आणि तिच्यासमोर स्वतः उकिडव्या बसल्या. मुलीनें विचारलें, 'दुखतला?' मीं सवयीनें 'नाहीं' म्हणण्यास तोंड उघडलें होतें. त्या आधींच म्हणाल्या, 'दुखतला. पण वायच, तीन मोजीसर. खोटां कशाक सांगू?' मुलगी गप्प झाली. तिला कोणीं खरें सांगितलें, हें तिला नवीन होतें. मग त्यांनीं एक मऊ नळी तिच्या बोटांत दिली, वांकवून पाहावयास सांगितली, आणि म्हणाल्या, 'आंत रवतला ता ह्या.' नंतर विचारलें, 'तुझ्या आजयेन बाजारातसून काय काय आणल्यान सांग बघूया.' मुलगी सांगूं लागली, बांगडे, पेडवे, तारली, सौंदाळे... 'मोरी' म्हणतांना तिनें ओंठ चावला, एक लांब फुंकर मारली, आणि नळी आंत गेली होती. त्याच टोंचणींतून कांचेच्या नळींत रक्त घेऊन वीस मिनिटें तसेंच ठेवलें. तें गोठलें नाहीं. म्हणजे विष भिनल्याचें ठरलें, आणि प्रतिलस चालूं झाली. लहान मुलालाही तिची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापानें विष माणूस पाहून कमी सोडलेलें नसतें. रक्त गोठत नसतां चार ठिकाणीं टोंचलें असतें तर चारही ठिकाणांहून रक्त वाहत राहिलें असतें, असें मागाहून डॉक्टरांनीं सांगितलें. तेव्हां एकाच टोंचणींत काम होणें म्हणजे केवळ दया नव्हती, तो उत्तम उपचार होता.

मुलगी पांचव्या दिवशीं घरीं आली. पुढें मीं त्या सिस्टरांस भेटून विचारलें, 'हें आपण कोठें शिकलांत?' त्या हंसल्या आणि म्हणाल्या, 'कांहीं पुस्तकांत, कांहीं मुलांकडून.' आज जें आपणांस सांगितलें त्याचा प्रारंभ त्या एका उत्तरांतून झाला.

गेल्या पावसाळ्यांत नातीला पुन्हां ताप आला. या वेळीं ती आपण होऊन म्हणाली, 'आजोबानू, माका बरा नाय, डॉक्टराकडे जाऊया.' श्रोतेहो, या एका वाक्याची किंमत मला ठाऊक आहे. आपापल्या घरांतील मुलांकडून असेंच वाक्य ऐकावयाचें असेल, तर सुईचा धाक आजपासून बंद करा, आणि मुलानें 'दुखेल काय?' म्हणून विचारलें तर खरें उत्तर द्या.